अर्ध्या बाटलीचा आवाज

"रातभर चालली पोरं, डोंगर चढली, एवढ्या गोळ्या मारल्या. पन पानी कुनीच प्यालं न्हाई गं," तात्या म्हणाले.

लोअर परळला, जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलच्या मागच्या गल्लीत आम्ही चहा पीत उभे होतो. टपरीच्या निळ्या ताडपत्रीला पाण्याचं पोट सुटलं होतं. टपरीवाला मधूनच झाडूच्या दांड्यानं ते वर ढकलायचा, की भसकन सगळं रस्त्यावर. सर्जिकल स्ट्राइकवरचा 'उरी' बघून थिएटरातून सुटलेली कॉलेजची पोरं गल्लीभर "हाउज द जोश" ओरडत पांगत होती आणि समोरच्या फुटपाथवरून "हाय सर" परत येत होतं. मी विचारलं होतं, "तात्या, कसा वाटला पिक्चर?" त्यावर हे उत्तर. एवढं बोलून त्यांनी टपरीवरून पाण्याची छोटी बाटली घेतली, झाकण उघडलं आणि तोंड न लावता सगळी एका दमात संपवली. रिकामी बाटली हातानं पिळून चपटी केली, झाकण लावलं आणि पिशवीत टाकली.

मला ते वाक्य आवडलं नाही.

कारण मला पिक्चर आवडला होता. तात्या मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, बाबांचे चुलतभाऊ. साताऱ्याकडच्या आमच्या गावात घराआड एक फौजी. माझी अपेक्षा अशी की ते एकतर डोळे पुसतील, नाहीतर सॅल्यूट चुकला, टोपी वाकडी होती, फीत उलटी होती असं काहीतरी काढतील. दोन्हीची माझी तयारी होती. पाण्याची नव्हती. (खरंच कुणी प्यायलं नाही, की नव्या डोळ्यातून सुटलं, हे मी नंतरही तपासलेलं नाही. पिक्चर आता घरबसल्या कधीही बघता येतो, तरी नाही.)

नवा डोळा म्हणजे मोतीबिंदूचा. दीड महिन्यानं तो दाखवायला तात्या मुंबईत आले होते आणि लालबागला आमच्याकडे उतरले होते. दिवस २६ जुलै २०१९, शुक्रवार. मुंबईत सव्वीस जुलै म्हटलं की कारगिल नंतर आठवतं, आधी पाणी आठवतं. २००५ साली त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मी अंधेरीहून निघून दुसऱ्या दिवशी सकाळी चालत घरी पोचले होते. त्यामुळे या तारखेला मी सहसा घराबाहेर पडत नाही. पण त्या वर्षी सरकारनं कारगिल विजय दिनाला राज्यातल्या सुमारे ५०० थिएटरांत सकाळी दहाला 'उरी' फुकट दाखवायचं ठरवलं होतं. कार्यक्रम खरा कॉलेजच्या मुलांसाठी. माझा मुलगा म्हणाला, "आजोबांना एवढा नवा डोळा मिळालाय, काहीतरी बघायला नको?" दारात तात्यांचं माजी सैनिकाचं कार्ड बघून कुणी अडवलं नाही, आणि तात्यांना सोबत म्हणून मलाही नाही. आत पोरापोरींचा ओल्या छत्र्या आणि पॉपकॉर्नचा वास. तात्या माझ्या डाव्या हाताला बसले, कारण त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. रायफल उजव्या खांद्याला लावली की डावा कान नळीकडे होतो. वर्षानुवर्षांच्या फायरिंगनं तोच आधी जातो.

आता माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी फोली करते. पडद्यावर कुणी चाललं की त्याची पावलं मी चालते. अंधेरीच्या एका तळघरात आमचा स्टुडिओ आहे. जमिनीत चौकोनी खड्डे केलेत, एकात खडी, एकात वाळू, एकात सुका पाला, एकात नुसती फरशी. समोर पडदा, बाजूला माइक, आणि मी माझ्या मापाहून तीन नंबर मोठे बूट घालून हिरोच्या चालीनं जागच्या जागी चालत असते. गवताला जुन्या कॅसेटची फीत, मोडणाऱ्या हाडाला गाजर, रक्ताला ओलं शामॉयचं फडकं. आधी पावलं, मग कपड्यांची सळसळ, मग हातातल्या वस्तू, असे एकेक थर चढवत जायचं. या सिनेमाशी माझा काही संबंध नाही, पण अठरा वर्षं हेच केल्यावर माणूस पिक्चर बघत नाही, ऐकतो.

आणि 'उरी' ऐकायला जबरदस्त आहे. हेलिकॉप्टर कानात नाही, पोटात वाजतं. हेल्मेटच्या आतला श्वास असा काही जवळ आणलाय की आपलाच दम कोंडतो. सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे सिनेमाचं बरंचसं चित्रीकरण सर्बियात झालं. झाडं तिकडची, माती तिकडची, धुकं तिकडचं, पण पाऊल पडतं ते आपल्या हद्दीजवळ पडल्यासारखं वाटतं. ते आमच्या जमातीचं काम. डोळ्याला फसवणं सोपं असतं, कानाला फसवायला पायाखालची खडी बदलावी लागते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ९ ऑगस्टला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले. या सिनेमाला दिग्दर्शनाचा, अभिनेत्याचा, पार्श्वसंगीताचा आणि ध्वनीचाही मिळाला. ध्वनीचा बिश्वदीप चटर्जींना. आमच्या तळघरात त्या दिवशी जिलबी आली होती, जणू घरातलं लेकरू पास झालं. दिग्दर्शक आदित्य धरचा हा पहिला सिनेमा, हे पटत नाही इतका हात बसलेला आहे. कोण कुठून शिरणार, कोण कुठे थांबणार, हे बघणाऱ्याला नकाशा हातात दिल्यासारखं कळतं. आपल्याकडच्या मारधाडीत ते क्वचितच कळतं. पूर्वी आमच्या हिरोला गोळी लागली की ती कुठून आली हे गोळीलाही माहीत नसायचं. विकी कौशलच्या खांद्यांत थकवा दिसतो, नुसते दंड नाहीत. आणि हो, "हाय सर" मीही ओरडले. पहिल्यांदा मुलाकडे बघत लाजून, दुसऱ्यांदा न लाजता.

त्या वर्षी सगळी मुंबईच ओरडत होती. जानेवारीत पेडर रोडवर भारतीय सिनेमाच्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं, तिथं पंतप्रधानांनीही समोर बसलेल्या फिल्मवाल्यांना जोश कसा आहे म्हणून विचारलं. मग आमच्या बिल्डिंगचा वॉचमन विचारू लागला, मंडळाच्या टीशर्टवर ते छापून आलं, डबिंगला येणारा पोरगा माइकसमोर उभा राहून आवाज तपासायला तेच म्हणू लागला. मला त्याचा राग यायचा, पण पाय त्या तालावर हलायचा. दोन्ही एकाच वेळी.

तर, थिएटरात. मध्यंतरानंतर नव्हे, आधीच, अंत्यसंस्काराच्या प्रसंगात तात्या उठले. पडद्यावर शहीद अधिकाऱ्याची, म्हणजे हिरोच्या मेहुण्याची, लहान मुलगी रडत रडत रेजिमेंटची ललकारी देते तो प्रसंग. अख्खं थिएटर हुंदके देत होतं, माझीही ओढणी ओली झालेली. मला वाटलं, त्यांना सहन होईना. दहा मिनिटांनी परत आले, हातात दोन सामोसे. एक मला दिला. मी तो हातात धरून बसले. अशा वेळी सामोसा खाता येत नाही आणि खाली ठेवताही येत नाही.

संध्याकाळी ते गावी जायची पिशवी भरत होते तेव्हा मी विचारलं, मधेच का उठलात. त्यांनी उत्तर थेट दिलं नाही. ट्रंकेबद्दल बोलले. १९९९ च्या उन्हाळ्यात ते बेळगावच्या सेंटरला होते. गेलेल्या एका जवानाची काळी ट्रंक त्याच्या घरी पोचवायचं काम त्यांच्याकडे आलं. ट्रंकेत काय काय आहे याची यादी असते. दोन स्वेटर, मफलर, पत्रं, दाढीचं सामान, पासबुक, एक एक ओळ वाचून दाखवायची आणि खाली सही घ्यायची. त्या आईनं अंगठा लावला. शाई लुगड्याला पुसली आणि ट्रंकेचं कुलूप हातात घेऊन विचारलं, "हे कुलूप सरकारी हाय, का त्याचं?"

"मग?"

"मला ठावं नव्हतं. यादीत कुलूप न्हवतं." तात्यांनी पिशवीची चेन लावली. "तिथंच ठिवून आलो."

त्या लहान मुलीच्या ललकारीमागे खरी घटना आहे, हे मला माहीत आहे. अशी मुलगी होती आणि तिनं खरंच बापाच्या रेजिमेंटची घोषणा दिली होती. त्यामुळे प्रसंग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण सिनेमा त्या रडण्याचं काय करतो, हे त्या कुलपानंतर मला दिसायला लागलं. तो ते इंधन म्हणून टाकीत ओततो. हिरोच्या आईचं विसरणं त्याला दिल्लीला आणण्यापुरतं, मेहुण्याचं मरण त्याला सरहद्दीपलीकडे पाठवण्यापुरतं, भाचीचं रडणं आपल्याला खुर्चीतून उठवण्यापुरतं. एकही दुःख रिकामं बसत नाही, प्रत्येकाला ड्यूटी लावलेली. १८ सप्टेंबर २०१६ ला उरीच्या तळावर हल्ला झाला आणि २९ च्या पहाटे आपली पोरं पलीकडून परत आली. मधले अकरा दिवस सिनेमात सटासट जातात, बैठका, पडदे, नकाशे, दर फोननंतर मोबाइल मोडून टाकणारे साहेब, पाखरासारखं यंत्र उडवणारा हुशार शिकाऊ पोरगा. मजा येते, खोटं कशाला बोलू. पलीकडचे अधिकारी मात्र जरा जास्तच बावळट केलेत. समोरचा एवढा बावळट असेल तर आपल्या पोरांना घाम यायचं कारणच उरत नाही, हे लिहिणाऱ्याला सुचायला हवं होतं. आणि शेवटी, एवढी काटेकोर आखणी करून, हिरो बंदुका टाकून हातानं मारामारी करतो. तिथे पुन्हा आपला जुना हिंदी पिक्चर दार उघडून आत येतो आणि पाय पसरून बसतो.

हे सगळं मी मुलाला सांगत होते, तर तात्या म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ दे. बंदूक उचलली की एवढी वाजती कशापायी?"

हा माझा प्रांत. पडद्यावर कुणी रायफल नुसती वळवली तरी आम्ही तिला खट् लावतो. नाही लावली तर ती प्लास्टिकची वाटते. दाराची कडी, जुना स्टेपलर, सायकलचं कुलूप, यातून माझ्या बंदुका तयार होतात. सैनिक चालला की कमरेला किल्ल्यांचा जुडगा नाहीतर चमचे बांधून मी चालते, म्हणजे अंगावर सामान आहे हे कळतं. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. तात्या ऐकून घेत राहिले, उजवा कान माझ्याकडे करून. मग माझ्या मुलाला म्हणाले, "तुझी सॅक आन रं. पाठीला लाव. मार उडी."

तो गॅलरीत उभा राहून उडी मारतो. खळखळ, किणकिण, धप्प. "मेलास," तात्या म्हणाले. सॅक उघडली. डब्यातला चमचा काढून रुमालात गुंडाळला. किल्ल्यांना रबरबँड घातला. चार्जर टॉवेलमध्ये. सुटी नाणी काढून टीव्हीवर ठेवली. "मार." पुन्हा उडी. आता एकच आवाज उरला, डुबुक. "पुना मेलास. ती बाटली काढ. अर्धी हाय न्हवं? अर्धी बाटली वाजती. भरली तर वाजत न्हाई, संपली तर वाजत न्हाई. म्हनून प्यायचं तर समदं प्यायचं, न्हाईतर हात लावायचा न्हाई." मुलानं सगळं पाणी प्यायलं, ढेकर दिली, उडी मारली. नुसतं तळव्यांचं टेकणं. गॅलरीच्या कठड्यावरचं कबूतरसुद्धा जागचं हललं नाही.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हाताला कणीक. अठरा वर्षं मी तो चमचा फौजींच्या कमरेला बांधत आले होते.

तात्या पुढे म्हणाले की गोळीचंही सिनेमात उलटं असतं. गोळी आवाजाच्या पुढे धावते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, रायफलची गोळी त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे आपल्यावर कुणी लांबून झाडली तर आधी डोक्यावरून चाबकासारखा चट्, आणि मग मागाहून बंदुकीचा धप. त्या दोहोंमधल्या अंतरावरून माणूस किती लांब बसलाय त्याचा अंदाज बांधायचा. "त्या मधल्या टायमात समदं असतं," ते म्हणाले. सिनेमात चट् आणि धप एकाच फ्रेमवर बसवतात. मी स्वतः बसवलेत. वेगळे ठेवले तर एडिटर म्हणतो, सिंक गेलाय.

पाण्याचं कोडं मला तिथं सुटलं. तात्यांना ना फीत खटकली ना सॅल्यूट. त्यांनी आयुष्यभर न वाजण्याचं काम केलं होतं. दगडामागे पडून राहायचं, मुंगी चावली तरी हात न्यायचा नाही, खोकला आला तर बाही चावायची, आणि पाणी कधी प्यायचं हे आधी ठरवायचं. आणि सकाळी दहापासून ते पाहत होते एक वाजणारी लढाई, जिच्यातला सर्वांत सुंदर भाग तिचा आवाज होता. सिनेमाचं जे सर्वोत्तम, तेच त्यांना खोटं. यावर मी काय बोलणार? मी पोळ्या लाटायला गेले.

रात्री त्यांना दादरला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसवलं. मुलानं पाण्याची मोठी बाटली घेऊन दिली. पाऊस जसा लागला होता तसाच होता.

पुढचं बऱ्याच जणांना आठवत असेल. उल्हास नदी पसरली आणि गाडी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली. शनिवारी सकाळी टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून घेतलेलं दृश्य, तपकिरी पाण्यात ओळीनं ठेवलेल्या काडेपेट्यांसारखे डबे. आत सुमारे १,०५० माणसं, त्यांत नऊ गरोदर बायका. तात्यांचा फोन बंद. मी टीव्हीचा आवाज बंद करून नुसती बघत बसले. का बंद केला सांगता येत नाही. वृत्तनिवेदकाच्या मागे कुणीतरी ढोल लावला होता, मारधाडीच्या सिनेमाला लावतात तसा. एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाची माणसं आली. दुपारी सगळे बाहेर निघाले. अनोळखी नंबरवरून तात्यांचा फोन आला तेव्हा चार वाजून गेले होते.

"चारी बाजूंनी पानी, अन् प्यायला थेंब न्हाई," ते हसत म्हणाले. "तुझ्या पोरानं दिलेली बाटली डब्यात फिरली. झाकन झाकन पानी." मग बिस्किटं आली, पाणी आलं, बोट आली. बोट धरून एक पोरगं छातीएवढ्या पाण्यात उभं होतं. म्हातारीकोतारी उतरवून घेताना तोंडातून एक शब्द काढत नव्हतं, नुसता हात पुढं. "त्याला म्हनलं, पानी पी बाबा थोडं. तर म्हनतो, बाद में." एवढं सांगून तात्यांनी फोन ज्याचा होता त्याला परत दिला.

पुढच्या वर्षी, टाळेबंदीच्या आधी, आमच्याकडे असाच एक वर्दीवाला सिनेमा आला. रात्रीची गस्त, आठ जवान, ओढ्याकाठानं चालत जातात, तीन मिनिटांचा सलग तुकडा. मी ठरवून बसले. जुडगा काढला. बुटांचे खिळे तपासले, पट्ट्याच्या बकलाला चिकटपट्टी लावली, कॅनव्हासची सळसळ नको म्हणून धुऊन मऊ झालेलं सुती अंगात घातलं. माइकसमोर एक उडी मारून बघितली. मग खडीच्या कडेकडेनं, टाच आधी न टेकवता, आठही जणांची पावलं एकेक करून चालले. पूर्ण दुपार गेली. घामानं पाठ ओली. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं, हे आजही म्हणेन.

संध्याकाळी मिक्सिंगवरून फोन आला. "ताई, गस्तीची फाइल रिकामी आलीय. फक्त वाऱ्याचा आवाज येतोय. परत पाठवाल का?"

मी दोन मिनिटं काहीच बोलले नाही. उद्या सकाळी त्यांना रील द्यायचं होतं आणि त्या पोराचा काही दोष नव्हता. मग खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा काढून कमरेला बांधला, खिशात दोन चमचे टाकले आणि पडद्यावरच्या पहिल्या जवानाबरोबर खडीत उतरले. आठवा संपेपर्यंत साडेदहा वाजले. माइक बंद केला, टेबलावर सकाळपासून अर्धी राहिलेली बाटली होती ती उचलली, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.